सांधोलची जावक वही

१

सोमवारी सकाळी कपाट उघडलं आणि टोचणीबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

खालच्या कप्प्यात दोन जावक वह्या असायच्या. डावीकडे अण्णांच्या काळातली, विटेसारखी जाड. उजवीकडे तिची स्वतःची, पाठीवर लेबल डकवलेली. शनिवारी चार वाजता कुलूप घातलं तेव्हा दोन्ही जागेवर होत्या. आता डावीकडे रिकामी जागा होती आणि उजवीकडचं लेबलही दिसेना. दोन्ही गेल्या! तिनं कोपऱ्यात उभा असलेला पानांचा गठ्ठा ओढून पाहिला, तर ती तिचीच वही निघाली. म्हणजे एकच गेली होती, पण जी जायला नको होती नेमकी तीच.

आता एका वहीसाठी एवढा जीव का टांगणीला लागावा, ते सांगायला हवं. कारखाना होता सांधोलचा. फुटका कप, चष्म्याची दांडी, बाहुलीचा हात, काय वाट्टेल ते जोडणाऱ्या त्या पिवळ्या नळीचं नाव थोरल्या मालकांनी ठेवलं सांधोल, आणि ते लोकांच्या तोंडी असं बसलं की विचारू नका. पुढे दहा कंपन्यांनी दहा रंगांच्या नळ्या काढल्या. लोक त्यांतली हाताला येईल ती घेत आणि म्हणत सांधोलच. नवरा-बायकोचं भांडण मिटवायला धावणाऱ्या मावशीलासुद्धा लोक सांधोल म्हणू लागले. ऐकायला गोड, पण नाव असं सगळ्यांचं झालं की ते मालकाचं राहत नाही. एका मोठ्या कंपनीनं कोर्टात तेच मागितलं होतं: हा आता भाषेतला शब्द झाला आहे, तो आम्हालाही नळीवर छापू द्या.

यावर कारखान्याचं उत्तर एकच होतं. आम्ही गप्प बसलो नाही, पस्तीस वर्षं हरकत घेत आलो. वर्तमानपत्रात, क्रमिक पुस्तकात, दुकानाच्या पाटीवर जिथे जिथे कुणी सांधोल हा शब्द उगाच वापरला, तिथे तिथे कारखान्याचं पत्र गेलं. पहिली सव्वीस वर्षं ती पत्रं अण्णांनी लिहिली, पुढची नऊ टोचणीबाईनं. दुसऱ्याच्या लेखात टोचून चूक दाखवायची हीच तिची नोकरी, म्हणून ते नाव पडलं. लिहायचं, मालकीणबाईंची सही घ्यायची आणि स्वतः जाऊन पेटीत टाकायचं. हे शेवटचं मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि तिनं नऊ वर्षांत एकदाही शिपायाच्या हाती पत्र दिलं नव्हतं.

पुरावा म्हणजे या दोन वह्या. सुनावणी परवा, बुधवारी अकरा वाजता होती.

मालकीणबाईंच्या केबिनमध्ये चौघं जमली. थोरल्या मालकांची ही एकुलती एक मुलगी, पन्नाशी ओलांडलेली. आवाज कधी चढायचा नाही, आणि म्हणूनच भीती जास्त वाटायची. शेजारी वकील. खिडकीपाशी विक्रीसाहेब, सतत फोनमध्ये डोकं घातलेले. आणि दाराजवळ अण्णा. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी रोज अकराला चहा प्यायला यायचेच.

"किल्ली कुणाकडे असते?" मालकीणबाईंनी विचारलं.

"एक माझ्याकडे. दुसरी इथं, या खुंटीवर."

"आणि तुमचे दीर नोकरीला कुठं आहेत?"

दीर त्याच मोठ्या कंपनीच्या गोदामात होते. ही गोष्ट तिनं लपवली नव्हती, पण कुणी विचारलीही नव्हती.

"अहो, पोरीवर कसला संशय घेता!" अण्णा ताडकन म्हणाले. "मी शिकवलीय तिला. कामाची चोख आहे."

"बुधवारी अकराच्या आत वही आली तर ठीक," मालकीणबाई म्हणाल्या. "नाहीतर पोलिसांत तक्रार द्यावी लागेल. तोवर तुम्ही कामावर येऊ नका."

२

घरी जायचं तिचं धाडस होईना. भर दुपारी घरी गेलं की सासूबाई कारण विचारणार. बसथांब्यावर बसून तिनं विचार केला. वही गेली, पण पत्रं तर गेली होती ना? ज्यांना गेली त्यांच्याकडे ती असतील. गोळा करून आणली तर वहीवाचूनही भागेल. पर्समध्ये जुन्या वहीच्या पहिल्या काही पानांच्या झेरॉक्स होत्या, वकिलांसाठी शनिवारीच काढलेल्या. पहिल्याच पानावर एक पत्ता तिच्या चांगला ओळखीचा होता: शब्दकोश कार्यालय.

तिथे बसणाऱ्या कोशकारांना तिनं पाहिलं नव्हतं, पण त्यांच्याशी तिचं नऊ वर्षांचं वैर होतं. त्यांनी कोशात 'सांधोल' घातला होता आणि पुढे अर्थ दिला होता: 'चिकटवण्याचा पदार्थ'. कारखान्याचं नावसुद्धा नाही!

टेबलामागचा माणूस लहानखुरा, कानात कापूस घातलेला. तिनं कुठून आले ते सांगताच तो उठूनच उभा राहिला.

"म्हणजे त्या तुम्ही! या, या. अकरा पत्रं आहेत तुमची. अकरावं जरा रागाचं होतं."

"रागाचं नव्हतं. ठाम होतं."

"'आपल्या अज्ञानाची आम्हाला कीव येते' हे ठाम?"

टोचणीबाईला हसू यायला हवं होतं, पण एकदम रडूच आलं. मग तिनं सगळं सांगून टाकलं. कोशकारांनी पाणी दिलं, मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाले, "बुधवारी मीही आहे कोर्टात. समोरच्या पार्टीनं बोलावलंय. तुमच्या कारखान्याकडून आलेला सगळा पत्रव्यवहार घेऊन या, असं समन्स आहे. तुमच्या वकिलांना साक्षीदारांची यादी शुक्रवारीच मिळाली असेल."

"मग तुमच्याकडे सगळं आहे! द्या ना मला बघायला."

"आमच्याकडे काहीच फेकत नाहीत. एका वाचकानं पानात चिरडलेला कोळी पाठवला होता, 'हा तुमच्या कोशात नाही' म्हणून. तोही आहे." त्यांनी हात पुढे केला. "आधी तुमची पानं बघू."

झेरॉक्स त्यांनी डोळ्यांजवळ धरून वाचली. एका ओळीवर बोट ठेवलं आणि उठून मागच्या खोलीत गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हातात एक फाईल होती, अगदीच पातळ. ती त्यांनी उघडली, मिटली, आणि तिच्याकडे न देता खणात ठेवली.

"बाई, मला एक सांगा. तुम्हाला खटला हरवायचा असता तर तुम्ही कोणती वही चोरली असती?"

"दोन्ही."

"अगदी बरोबर. किल्ली हातात, कपाट उघडं, दोन्ही वह्या शेजारी. मग एकच का नेली?" त्यांनी कानातला कापूस नीट बसवला. "ज्यानं ती नेली, त्याला कारखाना बुडवायचा नसावा. त्याला त्या एकाच वहीची भीती वाटत असावी. उद्या मला तुमच्या कचेरीत न्या."

३

मंगळवारी सकाळी पेपर आला आणि तिच्या उरलेल्या धीराचाही निकाल लागला.

'सांधोल खटल्यातील महत्त्वाची वही गायब,' असा मथळा होता. खाली लिहिलं होतं की तीन हजार एकशे सात पत्रांची नोंद असलेली जुनी वही कुलूपबंद कपाटातून नाहीशी झाली, आणि किल्ली सांभाळणाऱ्या महिला कर्मचाऱ्याचा जवळचा नातेवाईक प्रतिस्पर्धी कंपनीत नोकरीला असल्याचं समजतं. नाव नव्हतं, पण गल्लीला नाव कशाला हवं? दूधवाल्यानं रोजच्यासारखं 'काय वहिनी' म्हटलं नाही. समोरची बाई कपडे वाळत घालता घालता थांबली आणि एकटक पाहत राहिली.

दीर न जेवताच निघाले होते. दारात थांबून म्हणाले, "वहिनी, माझ्यामुळे तुम्हाला हे ऐकावं लागतंय. पण आईशपथ, मी तुमच्या कचेरीचा जिनासुद्धा पाहिलेला नाही."

"मी कुठं काय म्हणतेय, भाऊजी?"

पण ती म्हणत नसली तरी रात्रभर तिच्या मनात तेच घोळत होतं, आणि त्याची तिला आता लाज वाटली. शनिवारी घरी आल्यावर तिनं किल्ली नेहमीसारखी दाराजवळच्या खिळ्याला लावली होती. कुणीही घेऊ शकलं असतं. एकाच छपराखाली राहायचं आणि एकमेकांच्या खिशाकडे बघायचं, असले दिवस आले होते.

नवरा म्हणाला, "तू वही घेतली नाहीस ना? मग घाबरतेस कशाला?" असं बोलणं त्यालाच सोपं होतं. पोलीस दारात आले तर मुलगी शाळेत काय तोंड दाखवणार? सासूबाईंनी पेपर घडी करून गादीखाली सारला, जणू तिथे तो कुणाला दिसणार नव्हता.

४

कोशकारांना कारखान्यात पाहून मालकीणबाईंच्या कपाळाला आठी पडली, पण समोरच्या पार्टीचा साक्षीदार आपणहून आलाय म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला.

टोचणीबाईनं वाटेत सांगितलेली कचेरीतली कुजबुज लक्षात ठेवून कोशकार आधी विक्रीसाहेबांकडे वळले. "तुम्ही दुसरीकडे नोकरी बघताय म्हणे?"

"कोण म्हणतं?" विक्रीसाहेबांचा फोन हातातून निसटता निसटता राहिला. मग ते खाली बसले. "बघतोय. लपवून काय करू? नाव गेलं तर इथं राहून विकू काय? पण मला घेणारे विचारतात की सांधोल विकणारे तुम्हीच का. नाव गेलं तर माझाही भाव गेला. मी कशाला वही चोरू?"

वकील बोटं मोजत बोलायचे. "एक, वही मी शनिवारी पहिल्यांदा पाहिली. दोन, पहिली पानं चाळली, झेरॉक्स सांगितल्या. तीन, वहीतल्या नोंदी खऱ्या आहेत असं शपथेवर सांगायला माणूस लागतो. नव्या वहीसाठी बाई. जुनीसाठी ज्याचं अक्षर आहे तो."

"म्हणजे अण्णा," कोशकार म्हणाले.

"अर्थात. शनिवारी चहाच्या वेळी त्यांना तसं सांगितलंही. साक्षीदारांची यादी वाचून दाखवली, तुमचं नाव होतं त्यात. लगेच हो म्हणाले."

मालकीणबाईंना कोशकारांनी एकच विचारलं. "थोरल्या मालकांच्या काळात टपालाची पद्धत काय होती?"

"अण्णा पत्र लिहून, नोंद करून बाबांच्या ट्रेमध्ये ठेवायचे. सही करून टपाल बाबाच पाठवायचे. कुणाला हात लावू देत नसत."

"नोंद आधी?"

"कामाला लागल्या लागल्या अण्णांनी मलाही तेच शिकवलं," टोचणीबाई मध्येच म्हणाली. "आधी जावक क्रमांक, मग पत्र. म्हणजे क्रमांक चुकत नाही."

मालकीणबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

कपाटापाशी कोशकारांनी तिला सोमवारची सकाळ जशीच्या तशी करून दाखवायला सांगितली. तिनं कुलूप काढलं, दार ओढलं. "इथं जागा रिकामी होती. आणि माझ्या वहीचं लेबल दिसत नव्हतं, म्हणून मला वाटलं तीही गेली. मग ओढून पाहिली."

"लेबल का दिसत नव्हतं?"

"वही उलटी होती. बांधणी आत, पानं बाहेर. शेजारची जाड वही काढल्यावर आडवी पडली असेल, चोरानं घाईत कशीही उभी केली."

"कशीही?" कोशकारांनी मान वर केली. "घाईतला माणूस पडलेली वही पडलेलीच ठेवतो. यानं ती उभी केली, सरळ केली, कोपऱ्याला टेकवली. हात नीटनेटका आहे. फक्त याच्या हाताला वह्या अशाच ठेवायची सवय आहे." त्यांनी वरच्या कप्प्याकडे बोट केलं. "या कुणी लावल्यात?"

वरच्या कप्प्यात जुन्या मालसाठ्याच्या वह्या ओळीनं उभ्या होत्या. सगळ्यांची बांधणी आत. बाहेर पानांच्या कडा, आणि प्रत्येक कडेवर निळ्या शाईनं सुबक अक्षरात साल घातलेलं. नऊ वर्षं हे कपाट ती रोज उघडत होती, पण रोजचं कुठं दिसतं?

"त्या ना?" ती सहज म्हणाली. "त्या अण्णांनी..."



५

अण्णांनीच दार उघडलं. दोघांना एकत्र पाहून ते बाजूला झाले. आत टेबलावर, वर्तमानपत्राखाली, विटेएवढा उंचवटा होता.

"झाकायची काय गरज होती, अण्णा?" टोचणीबाई म्हणाली. वाटेत ती ठरवत आली होती की शांत राहायचं, पण आवाज कापलाच. "पेपर वाचलात ना सकाळी?"

"वाचला."

"आणि मग? चहा घेतलात?"

कोशकारांनी खुर्ची ओढून तिला बसवलं आणि स्वतः उभ्यानंच बोलू लागले.

"अण्णा, वहीच्या पहिल्या पानावर आमच्या कार्यालयाला पाठवलेल्या पत्राची नोंद आहे. आमच्याकडे कोळीसुद्धा टिकतो, पण ते पत्र नाही. या बाईंचं पहिलं पत्र हेच आमच्या फाईलमधलं कारखान्याचं पहिलं पत्र. मी सगळी फाईल घेऊन कोर्टात येणार, हे तुम्ही शनिवारी ऐकलंत. ते पत्र पाठवलं अशी शपथ तुम्हाला घ्यायची होती आणि मी समोर बसणार होतो. बाकी वही तुम्हीच उचललीत हे बांधणीनं सांगितलं. चुकतंय का माझं?"

"नाही."

"पत्रं गेलीच नाहीत?" टोचणीबाई खुर्चीतून उठली. "एकही?"

अण्णा हाताच्या तळव्यांकडे पाहत सांगू लागले.

"चार-पाच वर्षं झाली तेव्हा मला शंका आली. एवढ्या लोकांना खडसावतोय आणि एकाचंही उलट उत्तर नाही? शिवी तरी यावी. मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, 'अण्णा, परवा मी एका खानावळीत बसलो होतो. शेजारची एवढीशी पोर बापाला म्हणाली, बाबा, माझ्या बाहुलीला सांधोल लाव ना. तिला मी कोण हे माहीत नव्हतं. लोकांच्या तोंडात असं आपलं नाव बसायला नशीब लागतं, आणि ते काढून घ्या म्हणून मीच पत्र पाठवू?' मी म्हटलं, मग मी लिहू नको का? तर म्हणाले, 'लिहा. वकील सांगतो लिहायला हवं. तुम्ही लिहा, मी बघतो.' मी लिहिलं. पुढे वीस-एकवीस वर्षं ट्रेमध्ये ठेवत राहिलो. दोघांनाही माहीत होतं."

"आणि मला शिकवलंत डोळ्यांत तेल घालून लिहायला!"

"तू आलीस तेव्हा मला बरं वाटलं गं. तुझी पत्रं जात होती. लोक चिडून उत्तरं पाठवत होते. मी रोज अकराला येऊन ती उत्तरं वाचायचो." त्यांचा आवाज बसला. "शनिवारी तू गेल्यावर खुंटीवरची किल्ली घेतली, मला इतकंच सुचलं. वही नसली की शपथ नाही. तुझ्यावर येईल हे मनातही आलं नव्हतं. आणि आल्यावर... बोलायला तोंड उघडेना."

टोचणीबाईला त्यांचा राग आला होता, आणि दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम आल्यानं तिचं डोकं दुखायला लागलं. नऊ वर्षं ज्यांना गुरू मानलं त्यांनी तिला पोलिसांच्या दारात उभं राहू दिलं होतं. तिनं वर्तमानपत्र बाजूला फेकलं, तसे कोशकार वाकले आणि त्यातली बातमी पुन्हा वाचू लागले.

"अण्णा, तुम्ही एकूण पत्रं किती लिहिलीत?"

"कोण जाणे. दर वर्षी क्रमांक एकपासून सुरू व्हायचा."

"वहीच्या शेवटी एकूण आकडा?"

"नाही. कधीच मोजली नाहीत."

"वकिलांनी पहिली पानं फक्त चाळली. आणि वही शनिवारपासून तुमच्याकडे." कोशकारांनी पेपर तिच्यापुढे धरला. "इथं तीन हजार एकशे सात लिहिलंय. सहज अंदाज करणारा तीन हजार म्हणेल. वरची एकशे सात कुणी मोजली?"

टोचणीबाईनं आकड्याकडे पाहिलं. वहीवरून मोजली नसतील तर ती मोजायची एकच जागा उरत होती, आणि ती म्हणजे खुद्द पत्रं.

६

बुधवारी सकाळी नऊ वाजता तिनं जाड वही मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवली. मागे अण्णा उभे होते, त्यांच्यामागे कोशकार.

"सापडली?" मालकीणबाईंनी हळूच श्वास सोडला, पण त्यात आनंद नव्हता. "छान. कुठं ते मी विचारत नाही. विषय संपला."

"थोरल्या मालकांची पत्रं कुठं आहेत, बाई?" टोचणीबाईनं विचारलं.

वकिलांनी मोजायला उचललेलं बोट तसंच राहिलं.

"बातमी तुम्ही दिलीत," ती पुढे म्हणाली. शब्द पत्रात उतरायचे तसे सरळ येत होते. "आकडा फक्त पत्रं मोजणाऱ्याला माहीत असणार. ती तुम्हाला मिळाली असणार थोरले मालक गेले तेव्हा, मी आले त्याच सुमाराला. म्हणून मला पहिल्या दिवशी बजावलंत की पत्र स्वतः पेटीत टाका. आणि सोमवारी वही गेली तेव्हा तुम्हाला सुटल्यासारखं वाटलं. खोटी वही दाखवायची वेळ टळली, वर चोरीची सहानुभूती. त्यासाठी कुणीतरी चोर लागतो."

मालकीणबाई आवाज चढवतील असं तिला वाटलं. तसं झालं नाही. त्या उठल्या, वडिलांचं जुनं कपाट उघडलं आणि तळाकडे हात केला. वर्षावर्षाचे गठ्ठे, सुतळीनं बांधलेले, पाकिटं चिकटवलेली, एकावरही शिक्का नाही.

"दोनशे माणसं आहेत कारखान्यात," त्या म्हणाल्या. "बाबांच्या हौसेपायी मी त्यांना घरी पाठवू? तुमच्यावर तक्रार मी देणार नव्हते. आता वही आहे. अण्णा शपथेवर सांगतील की पत्रं ट्रेमध्ये ठेवली, पुढचं त्यांना माहीत नाही. पेपरातलं काय, चार दिवसांनी लोक विसरतील."

"लोक विसरत नाहीत, बाई. त्यावरच तर आपला खटला उभा आहे."

अण्णांनी वही उचलली. "चला, उशीर होईल," एवढंच म्हणाले. ते आत काय बोलणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वाटेत गाडीत टोचणीबाईनं त्यांच्याकडे तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा ते रस्त्याकडे पाहत होते.

कोर्टात समोरच्या वकिलानं जुनी वही उघडून विचारलं, "हे अक्षर तुमचं?"

"माझंच."

"यातली किती पत्रं प्रत्यक्ष पाठवली गेली?"

मालकीणबाईंनी डोळे मिटून घेतले. टोचणीबाईची बोटं पर्सच्या बंदात रुतली. दोनशे माणसांची घरं तिला दिसत होती, आणि तिचं एक घर.

"एकही नाही," अण्णा म्हणाले. "मला माहीत होतं. शनिवारी वही मीच नेली. त्या बाईंचा काही संबंध नाही."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "पाठवत नव्हते हे माहीत असून सव्वीस वर्षं कशासाठी लिहीत राहिलात?"

"नोकरी लिहिण्याची होती, साहेब."

कोणी हसलं नाही. कोशकारांना बोलवायची गरजच उरली नाही.

७

निकाल महिन्याभरानं लागला. सांधोल हा आता सगळ्यांचा शब्द झाला होता. कारखाना बंद पडला नाही, पण मालकीणबाईंना एक पाळी कमी करावी लागली, आणि विक्रीसाहेब खरोखरच गेले. पत्र लिहिण्याचं काम साहजिकच संपलं. टोचणीबाईला आवकच्या टेबलावर बसवलं. अण्णा अकराला येईनासे झाले. दोन आठवडे तिनं दम धरला, मग एका रविवारी ती स्वतःच त्यांच्याकडे जाऊन आली. फारसं कुणी काही बोललं नाही, चहा मात्र झाला.

पण दूधवाला अजून वहिनी म्हणत नव्हता. कोर्टात अण्णा काय बोलले ते पेपरात चार ओळींत, आतल्या पानावर आलं होतं. मथळ्यातली चोरी मात्र गल्लीत तशीच राहिली होती.

पुढे एके दिवशी मालकीणबाईंनी तिला आत बोलावलं. त्या एकदम थकलेल्या दिसत होत्या.

"पेपरला खुलासा पाठवायचा म्हणतेय. ती बातमी मी दिली होती आणि ती खोटी होती, असा. तुमच्याइतकं पत्र कुणाला जमतं? तुम्हीच लिहा. मी सही करते."

नऊ वर्षांत प्रथमच टोचणीबाईनं त्यांना नाही म्हटलं.

"सांगते मी. पण लिहा तुम्ही."

मालकीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग कागद पुढे ओढला. टोचणीबाई सांगत गेली, नेहमीसारखं. आपल्या अमुक तारखेच्या अंकात असे प्रसिद्ध झाले आहे. ते चुकीचे आहे. चूक माझी आहे. पहिल्या पानावर तितक्याच मोठ्या अक्षरात दुरुस्त करावे. 'चूक माझी' या शब्दांपाशी लेखणी थांबली. टोचणीबाईनं वाट पाहिली. मग लेखणी पुढे सरकली. सही झाली, पाकीट चिकटवलं गेलं.

"ठेवा इथं," मालकीणबाई म्हणाल्या. "संध्याकाळच्या टपालात जाईल."

"नाही बाई. द्या माझ्याकडे."

ती पायऱ्या उतरली, फाटकाबाहेर पडली, रस्ता ओलांडून कोपऱ्यावरच्या पेटीशी आली. पाकिटावरचा पत्ता आणि तिकीट एकदा पाहून घेतलं. मग फटीतून हात मनगटापर्यंत आत घातला, पाकीट सोडलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत हात बाहेर काढला नाही.